बेचव माती

माझ्या बाबांचं कासव गिरीजला माझ्या सासरी आलं ते भाजीच्या टोपलीत बसून, वर ओलं गोणपाट पांघरून. गोणपाट ओलं का, तर ते घेऊन येणाऱ्या माझ्या भावाची समजूत अशी की कासव म्हणजे पाण्यातला जीव. ज्या घरात ते कासव बारा वर्षं वावरलं, त्या घरच्या मुलाची ही समजूत. मग सासरच्या माणसांना मी काय बोल लावणार? तरी लावला, ते पुढे येईलच. माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आता निवळलाय असं मी म्हणते, घरातले मान्य करत नाहीत.

बाबा रेल्वेत होते. सौराष्ट्रातल्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी गेली. तिथल्याच एका स्टेशनात रुळांच्या खडीत अडकलेलं हे कासव त्यांना सापडलं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी झोपमोड केल्यासारखा भाव. आज असं कासव घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आम्हांला तेव्हा त्यातलं काही माहीत नव्हतं. क्वार्टरच्या मागे रखरखीत मोकळी जमीन होती, तिथे ते दिवसभर चरायचं आणि संध्याकाळी बाबांच्या खुर्चीखाली येऊन बसायचं. निवृत्तीनंतर वर्षभरातच बाबा गेले. आई तुळिंजला भावाच्या खोलीत राहायला आली आणि कासवही आलं. नवी इमारत, तिसरा मजला, खाली गुळगुळीत लादी. त्या लादीवर कासवाचे पाय फाकायचे. चार पावलं टाकून ते पोटावर बसायचं आणि नुसतं बघत राहायचं. शेवटी आईनं भावाबरोबर निरोप पाठवला, “याला तूच सांभाळ. तुझ्याकडे मातीच माती आहे.”

आईचं म्हणणं खरं होतं. माझं सासर बागायतदारांचं. केळी, नारळ, पानवेली, वांगी, दुधी असं सगळं त्या वाडीत एकमेकांच्या गळ्यात गळे घालून वाढायचं. लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं. त्या हिरव्यागार वाडीत मी अजून पाहुण्यासारखीच वावरत होते. बाबांची म्हणून दुसरी एकही वस्तू माझ्याकडे नव्हती. घड्याळ भावाकडे, शाल आईकडे, मला हे कासव. ते माझ्या हातून मेलं तर आईला काय तोंड दाखवू, ही धास्ती टोपली हातात घेतल्या क्षणापासून माझ्या मनात बसली.

सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत. कमी बोलणारा माणूस. त्यांची सगळी हुशारी मातीत होती. आमच्याकडे समुद्र जवळ, त्यामुळे जमिनीत खारं पाणी शिरायची भीती कायमची. आबा वाफ्यातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि निकाल द्यायचे. “मीठ जिभेला आधी कळतं, केळीला मागाहून,” असं ते म्हणत. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना माती चाखताना पाहिलं तेव्हा घाबरून सासूबाईंना सांगायला धावले होते. त्या म्हणाल्या, “माझ्या आमटीला कधी एवढं मन लावून चाखलं नय हो त्यांनी.”

टोपलीवरचं गोणपाट काढलं तेव्हा आबा वाडीतून नुकतेच आले होते. त्यांनी कासवाकडे पाहिलं, त्याच्या कोरड्या पाठीवरून बोट फिरवलं आणि कळवळून म्हणाले, “अरे, सुकलाय गो हा! बावखलात सोड याला आधी.”

बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्याकडे प्रत्येक वाडीला एखादं असायचंच. त्यात कासवं असत, चपटी, मऊ पाठीची, आणि ती असली की पाणी स्वच्छ राहतं अशी सगळ्यांची श्रद्धा. आबांच्या मनात दया होती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी कासव उचललंदेखील. मी टोपलीसकट त्यांच्या वाटेत उभी राहिले.

“आबा, हे पोहत नाही. दगडासारखं तळाला जाईल.”

“कासव पोहत नय?” आबा माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी म्हटलं होतं की केळीला काटे असतात.

“हे जमिनीवरचं आहे. माझ्या बाबांनी बारा वर्षं जमिनीवर ठेवलं.”

आबांनी कासव माझ्या हातात दिलं आणि पाय धुवायला गेले. ते रागावले की काय मला कळलं नाही. त्यांचं रागावणं आणि न रागावणं बाहेरून सारखंच दिसायचं.

मागच्या पडवीत नवऱ्यानं विटा रचून एक चौकोन करून दिला. जमीन शेणानं सारवलेली होती. पहिल्याच दिवशी कासवानं पुढच्या नखांनी ते सारवण उकरून काढलं, आणि सासूबाईंनी दर आठवड्याला मन लावून केलेल्या कामाचे पापुद्रे पडवीभर झाले. “तुझ्या माहेरच्यांना सांग, पुढच्या वेळी पोपट पाठवा,” असं त्या म्हणाल्या. पण चौकोन मोडायला त्यांनी सांगितलं नाही. शिवाय सारवणाला ओल होती. दोन दिवसांत कासवाच्या पोटाची बाजू दमट लागू लागली. काहीतरी कोरडं आणि उकरता येईल असं खाली घालायला हवं, एवढं मला कळलं. काय घालायचं ते कळलं नाही. बाबांनी कधी काही घातलंच नव्हतं. तिथली जमीन त्याची होती, ते तिच्यावर चालत होतं, विषय संपला.

पहिली वाळू आली. नवरा सायकलवर समुद्रावरून अर्धं पोतं घेऊन आला, ओली, काळपट, शिंपल्यांच्या चुऱ्याची. आबा पडवीत आले, चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकून म्हणाले, “खारी हाय. ही नय चालाची.” मग मी ती तीन वेळा धुतली आणि अंगणात वाळवली. धुतलेली वाळू दिसायला फार सुरेख होती. कासवानं मात्र तीन दिवसांत डोळे मिटून घेतले. वाळूचे बारीक कण पापण्यांत जात होते. जास्वंदीचं फूल टाकलं तर ओल्या पाकळ्यांना वाळू चिकटायची आणि ते वाळूसकट फूल गिळायचं. दातांशिवाय ते कचकच कसं वाजवत होतं देव जाणे, पण मला तो आवाज ऐकवेना. मी सगळी वाळू काढून टाकली.

मग भुसा आला. नवरा सातिवलीला लाकडी खोकी बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात हिशेबनीस होता. तिथे रंध्याखालच्या भुशाचे ढीग पडलेले असत. त्यानं मोठ्या ऐटीत पोतं आणलं. “मऊ, कोरडा, फुकट,” असं तो म्हणाला, आणि मला तिन्ही गुण पटले. पडवीत लाकडाचा गोड वास सुटला. कासव त्यात नाकापर्यंत रुतून बसायचं आणि मला वाटायचं, सुखावलंय बिचारं. चौथ्या दिवशी त्याच्या नाकातून बुडबुडे येऊ लागले. ते शिंकायचं. कासवाची शिंक तुम्ही कधी ऐकली नसेल. उकळत्या किटलीचं झाकण हलावं एवढीच असते, पण मला ती स्वयंपाकघरातून ऐकू यायची. भुशाची धूळ त्याच्या नाकात जात होती, आणि आमच्या दमट हवेत खालचा थर बुरसायलाही लागला होता. मी नवऱ्याला म्हटलं, “तुझा भुसा घे आणि सातिवलीला परत नेऊन ठेव.” तो म्हणाला, “वाळूही माझी चुकली, भुसाही माझाच चुकला. एकदा आबांना विचार की.” मी विचारलं नाही. ज्यांनी पहिल्याच दिवशी त्याला बुडवायला घेतलं होतं त्यांना काय विचारायचं, असा माझा ताठा.

पण आबा बघत होते. रोज सकाळी वाडीत जाताना ते पडवीत क्षणभर थांबायचे. एक दिवस ते घमेलं घेऊन आले आणि विटांच्या चौकोनात रिकामं केलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. चार घमेली माती. काळीभोर, भुसभुशीत, मुठीत धरली तर लाडवासारखी वळायची आणि बोटानं टोचलं की सुटायची. पानवेलींच्या वाफ्यातली माती. सासूबाई दारात पदर तोंडावर धरून उभ्या होत्या. ती माती आबा कुणाला देत नसत. शेजारणीनं तुळशीसाठी ओंजळभर मागितली होती तेव्हा त्यांनी तिला तुळशीचं रोप दिलं होतं, माती नाही. वर्षानुवर्षं पालापाचोळा, शेणखत, राख, काय काय घालून त्यांनी ती पोसली होती. आपल्या मुलांपेक्षा जास्त लक्ष दिलं, असं माझा नवरा म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

“पाहुणा हाय,” आबा म्हणाले. “चांगल्यात बसू दे.”

मला भरून आलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आपलंही काही यांना आपलं वाटतंय. मी कासव मातीवर ठेवलं. त्यानं मान लांब केली, वास घेतला आणि लगेच तोंड घातलं. मातीतले बारीक बारीक कण वेचून ते खाऊ लागलं. बाबांकडेही ते माती चाटायचं, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. उलट मी आबांना म्हटलं, “बघा, तुमच्यासारखंच चाखून बघतंय.” आबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवस मी हवेत होते. आईला पोस्टकार्ड लिहिलं की कासवाला शेवटी जागा मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते हललं नाही. फूल तसंच. पाय बाहेर लोंबत होते, आत ओढून घ्यायचीही ताकद नव्हती. तोंडाशी फेस आणि मागे पाण्यासारखी घाण. मी त्याला पदरात घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, कासव उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, “बाई, मला शिंगांच्या जनावरांचं शिकवलंय. हे मी पहिल्यांदाच हातात घेतोय. पण पोटात काहीतरी वाईट गेलंय एवढं नक्की. काय खाल्लंय ते शोधा, ते बंद करा आणि याला कोमट पाण्यात बसवा, नाक वर ठेवून.” औषध म्हणून त्यांनी कसलीशी पूड दिली आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. फुलं तीच, गवत तेच, पाणी तेच. बदलली होती ती फक्त माती.

आबा अंगणात केळीची सोपटं सोलत बसले होते. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कासव त्यात ठेवलं, आणि मग जे बोलायचं नव्हतं ते बोलले.

“तुमच्या मातीनं मारलं याला.”

सासूबाई आतून धावत आल्या. सासऱ्यांशी असं कुणी बोलत नसे, आणि मातीबद्दल तर देवही बोलला नसता. आबांनी विळा खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला. ते उठले, पडवीत गेले, चौकोनातली चिमूटभर माती उचलली आणि माझ्यासमोर जिभेवर ठेवली.

“माझ्या मातीत कय वाईट हाय?” ते म्हणाले. “मी खातो ना. बघ.”

मला माझीच भीती वाटली. पण मी मागे हटले नाही. माझे बाबा त्या घमेल्यात मान टाकून पडलेत असंच मला वाटत होतं, आणि मी ते तसं म्हणालेही, रडत, नाक पुसत, सगळ्यांसमोर.

आबांनी डोळे मिटले नाहीत, नेहमीसारखे. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांची जीभ दातांच्या फटीत काहीतरी चाचपू लागली. त्यांनी तोंडात बोट घालून ते काढलं आणि तळहातावर ठेवलं. नखाएवढंही नव्हतं. काळपट, चकचकीत टरफलाचा तुकडा. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग ते थुंकले, पुन्हा पुन्हा थुंकले, रांजणावर जाऊन चुळा भरल्या आणि पडवीत येऊन चौकोनाशी उकिडवे बसले. बोटांनी माती विसकटू लागले. एक तुकडा, दुसरा, तिसरा. कासवानं जिथून वेचून खाल्लं होतं तिथे अजून कितीतरी होते.

“पेंड,” ते म्हणाले. “एरंडीची.”

एरंडीची पेंड म्हणजे एरंडीचं तेल काढल्यावर उरलेला चोथा. पानवेलींना, केळींना त्याच्यासारखं खत नाही. आणि ती विषारी असते हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पूर्वी एकदा म्हशीच्या पारडीनं उघड्या पोत्यात तोंड घातलं होतं आणि ती दुसऱ्या दिवशी गेली होती. तेव्हापासून पेंडीची पोती माळ्यावर, तोंडं सुतळीनं बांधून, आणि माळ्याची शिडी काढून ठेवलेली. मलाही नवी नवरी असतानाच बजावलं होतं, त्या पोत्यांना हात लावलास तर हात धुऊनच पिठाकडे जायचं. एवढी खबरदारी. पण पेंड एकदा वाफ्यात पडली, पाणी प्याली, की ती पेंड राहिली नाही, ती माती झाली. असंच आबा समजत आले होते, त्यांचे वडीलही. पानवेलीला ती माती होती. वेचून खाणाऱ्या जिवाला ती पेंडच होती. शेतकऱ्याशिवाय ही चूक कुणी केली नसती, आणि आबांइतकं मातीवर प्रेम नसतं तर त्यांनीही केली नसती.

ते दुसरं घमेलं घेऊन आले. माती घमेल्यात भरली, हातानं चाळून चाळून, कण ठेवला नाही. चौकोन झाडला. मग सदरा घातला, टोपी घातली, रिकामं पोतं काखेत मारलं आणि निघून गेले. जेवायची वेळ झाली होती. सासूबाई हाका मारत राहिल्या.

ती दुपार मला आठवते. घमेल्यातलं पाणी निवलं की मी बदलायचे. कासवाची मान माझ्या दोन बोटांवर होती. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण पाणी तापवून त्याच आणून देत होत्या. तिसऱ्यांदा पाणी आणलं तेव्हा त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “त्यांना उपाशी घालवलंस.” मी म्हटलं, “हो.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “पारडी गेली तेव्हा मीपण त्यांना बोलले होते. याहून वाईट.” आणि त्यांनी कासवाचा लोंबणारा मागचा पाय हळूच उचलून पाण्यात नीट ठेवला.

आबा आले तेव्हा उन्हं कलली होती. खांद्यावर पोतं. रेल्वेलाईनच्या पूर्वेला ते सहसा जात नसत. तिकडची जमीन म्हणजे त्यांच्या मते डोंगरानं टाकून दिलेला केर. तिकडेच ते गेले होते. सातिवलीच्या पुढे एसटीनं, तिथून डोंगराच्या पायथ्याशी चालत. पोत्यात तांबूस, मुरमाड, खडबडीत माती होती, जिच्यात वरीपलीकडे काही उगवत नाही अशी. आयुष्यभर काळी माती वाढवणाऱ्या माणसानं त्या वयात ते वजन खांद्यावरून वाहून आणलं होतं. भुकेनं त्यांचा आवाज बसला होता.

“तुझ्या बाबांकडे कशी होती जमीन?” त्यांनी विचारलं. लग्नानंतर त्यांनी बाबांबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

“अशीच,” मी म्हटलं. “कोरडी. तिथे काही पिकायचं नाही.”

त्यांनी मान हलवली. माती चाळणीनं चाळली, टोकदार खडे वेगळे केले, धूळ पाखडून टाकली. सुपांत पसरून उरल्या उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशीही वाळवली. मग चौकोनात वीतभर थर दिला, एका बाजूला चपटे दगड मांडले, दुसऱ्या बाजूला थोडी हरळी लावली. हे सगळं मला न विचारता आणि मला दिसेल अशा बेतानं. शेवटी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मी श्वास धरून उभी होते.

“काहीच चव नय,” आबा म्हणाले. “बेचव हाय. चालंल.”

कासवानं आठ दिवस काही खाल्लं नाही. मी रोज सकाळी आधी त्याच्याकडे जायचे, मग चुलीकडे. नवव्या दिवशी आबा पडवीतून ओरडले. मी धावले तेव्हा जास्वंदीच्या अर्ध्या पाकळ्या गायब होत्या आणि कासवाच्या हनुवटीला लाल रंग लागला होता. आबा उकिडवे बसून ते चावणं बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायची मनात होती, पण त्यांनी हातातलं दुसरं फूल माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, “दे त्याला.” तिथेच ते मिटलं. त्यांच्या पद्धतीनं मिटलं म्हणजे पुन्हा कधी निघालं नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आबांनी आणखी एक गोष्ट केली. घराच्या दक्षिणेला, ऊन भरपूर येईल अशा ठिकाणी, दोन केळी काढून त्यांनी खाटेएवढी जागा मोकळी केली. वाडीची सगळी काळी माती तिथून गुडघाभर खोल उपसली आणि पूर्वेकडून बैलगाडीभर मुरमाड माती आणवून भरली. भोवती नारळाच्या ओंडक्यांचं कुंपण. पाटाचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून बांध घातला. पेंड नाही, खत नाही, राखसुद्धा नाही. इंचभर जागा वाया जाऊ न देणाऱ्या माणसाच्या वाडीत ती एकच तांबडी, नापीक जागा. येणारे-जाणारे थट्टा करायचे. “आबा, अटे काय लावलाय?” “कासव,” आबा म्हणायचे, आणि बिडी पेटवायचे. एका पाहुण्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, सूनबाईही तशाच कोरड्या मुलखातून आल्या ना, त्यांनाही इथली ओल मानवली नसेल. मला राग आला. मी काही कासव नव्हते, आणि मला कुणी मुरमावर ठेवायची गरज नव्हती. मी तोंड उघडायच्या आतच आबा म्हणाले, “तिला मानवली. आमालाच ती मानवायला वेळ लागला.” पाहुणा हसला. मी आत जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

आई तुळिंजहून महिन्यातून एकदा येई आणि तासभर त्या कुंपणाशी बसे. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मुठीत माती घेतली, बोटांतून गाळली आणि म्हणाली, “ही कुठून मिळाली? ही तर आपल्या क्वार्टरमागची.” मी आबांकडे बोट दाखवलं. आई उठून त्यांच्या पाया पडायला लागली तेव्हा ते इतके गडबडले की सरळ बावखलाकडे चालू लागले.

चार वर्षं गेली. माझी मुलगी तीन वर्षांची होती. थंडीचे दिवस होते, आणि संध्याकाळच्या उन्हात मी तिला घेऊन ओट्यावर बसले होते. कुंपणापाशी आबा हातानं खूण करत होते, ये, पण आवाज करू नको. मी मुलीला कडेवर घेऊन गेले. कासव आमच्याकडे पाठ करून उभं होतं आणि मागच्या पायांनी माती उकरत होतं, एकदा डाव्या, एकदा उजव्या पायानं, अगदी सावकाश. माती कडक होती म्हणून त्यानं आधी स्वतःच्या अंगातलं पाणी सोडून ती भिजवली होती. आम्ही तिघं बघत राहिलो. खळगा पेल्याएवढा खोल झाला. आणि मग त्यात एक पांढरं अंडं पडलं. मग दुसरं. कासवानं मागचा पाय आत घालून अंडं हळूच बाजूला सारलं, आंधळ्यानं चाचपावं तसं. एकूण चार.

बाबांनी बारा वर्षं ज्याला ‘काय म्हाताऱ्या’ म्हणून हाक मारली, ती बाई होती. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. बाबांना हे सांगायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं. ते किती हसले असते.

तिनं खळगा बुजवला, वर पोटानं थापटला आणि दगडाखाली जाऊन बसली. नर नसल्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं, हे आम्हांला पुढे कळलं. त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक नव्हतं. आबा वाकले. थापटलेल्या जागेवरची चिमूटभर तांबडी माती त्यांनी उचलली, सवयीनं जिभेकडे नेली, मग थांबले आणि होती तिथेच परत ठेवली, बोटानं नीट सारखी केली. माझ्या मुलीला त्यांनी आपल्याकडे घेतलं.

“पिकली गो,” ते मला म्हणाले. “तुझ्या बाबांची जमीन पिकली.”